विमानाचा माल, नागापूरची भट्टी

पास झालेल्या मालाला किस्सा नसतो. तो खोक्यात जातो, खोकं टेम्पोत जातं, टेम्पो पुणे रस्त्याला लागतो, विषय संपला! किस्से जमतात ते नापास मालाभोवती. कशामुळे नापास झाला, कोणी केला, कोण कोणावर ढकलतंय, त्या दिवशी कोणाची सासू आजारी होती... आमच्या नागापूर एमआयडीसीतल्या शेडमध्ये गेल्या दोन वर्षांत मालापेक्षा किस्सेच जास्त तयार झाले, यावरून काय ते समजा.

एक मात्र आधीच सांगतो. घडत होतं तेव्हा यातल्या एकाही गोष्टीवर मला हसू आलं नव्हतं. ॲसिडिटीच्या गोळ्या शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होतो. आता गोळ्या बंद आहेत, जेवण पचतं, म्हणून सांगायला बसलोय.

मी मूळचा विटावाला. घराच्या नव्हे, भट्टीच्या विटांचा. साखर कारखान्यांचे बॉयलर, गुऱ्हाळाच्या चुलाणी, फाउंड्र्या, यांना आतून ज्या विटा लागतात त्यांचं केडगावला दुकान. शिक्षण दहावी, तेही मास्तरांच्या मेहरबानीने. पण कुठली वीट किती आच सोसेल, हे हातात वजन घेऊन सांगतो. तीस वर्षं दुसरं केलंय काय?

माझी भाची अश्विनी सिरॅमिकमध्ये डॉक्टरेट. एका रविवारी पुण्याहून आली आणि माझ्यासमोर एक पांढरी पातळ फरशी ठेवली, तळहाताएवढी.

"बशी का?" मी म्हणालो.

"मामा, फोडून दाखव."

मी हातोडी घेतली. आधी आमची चांगली वीट फोडली, तिचे सरळ दोन तुकडे झाले. मग ही फरशी ठेवली आणि हाणली. थप्प! एक खळगा पडला, बस्स. पुन्हा हाणली. आणखी एक खळगा.

"आत कापड आहे," ती म्हणाली. "सिरॅमिकच्याच धाग्यांचं. ते सिरॅमिकच्याच घोळात भिजवायचं, थरावर थर लावायचे आणि भट्टीत भाजायचं. तडा सुटला तरी धाग्यापाशी येऊन अडकतो. विमानाच्या इंजिनामागे जिथे लोखंड मऊ पडतं, तिथे हे लावतात."

"नगरला कोण बनवतं?"

"कोणीच नाही."

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणजे आमची सौ. म्हटलं, "ऐकलंस? गावात दुसरं दुकानच नाही!"

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्याचं गावात दुसरं दुकान नाही, त्याचं गावात गिऱ्हाईकही नसतं."

बरोबरच होतं तिचं. गिऱ्हाईक बेंगळुरूला होतं.

०

गिऱ्हाईक म्हणजे विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणारी एक कंपनी. त्यांनी एका पॅनलचं ड्रॉइंग दिलं. सुपाएवढं, सुपासारखंच एका अंगाने वळलेलं. आणि नियम सांगितला: तीन संधी. तीनदा माल दाखवा. तिसऱ्यांदा नापास झालात की फाइल बंद, पुन्हा दार वाजवायचं नाही.

अश्विनीने पुण्याची नोकरी सोडली, मी शेड घेतली, नऊ माणसं ठेवली. पहिल्याच दिवशी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामा, फाइल बंद झाली तर मी पुण्याला परत जाईन, मला नोकरी मिळेल. या नऊ जणांना कुठलं पुणे?"

गोळ्या त्या दिवसापासून सुरू झाल्या.

०

सोनईला साडूच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या आधी आमची कीर्ती पोचलेली. मांडवात साडूंचे थोरले बंधू आबा जवळ येऊन बसले.

"शेठ, इमानाला टाइल्स बसवता म्हनं तुमी. कशाला वो? आत न्हानी असती का?"

मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. इंजिन, आच, लोखंड मऊ पडणं, सगळं. आजूबाजूची दहा माणसं सरकून ऐकायला लागली. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आच पलीकडं जाऊ देत न्हाई."

"अगदी बरोबर!"

"मग माझ्या पत्र्याच्या खोलीला धा-बारा द्या की. उन्हाळ्यात लई तापती."

"आबा, अजून एकही पास झालेली नाही."

"नापासच द्या," आबा म्हणाले. "आमी कुठं उडनार हाय?"

०

या धंद्यात मालाआधी कागद लागतो. धागा कुठला, पावडर कुठली, कोणी तोलली, कधी तोलली. पाण्याचासुद्धा कागद! टँकर घेऊन बबन यायचा. अश्विनीने त्याच्या हातात एक फॉर्म दिला.

बबनने तो उलटा केला, सुलटा केला. "ताई, पानी हाय, जावई न्हाई! एवढी चौकशी तर आमी पोरगी देताना बी केली न्हाई."

पण माणूस प्रामाणिक. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून आणला. पाण्याचा उगम: हीर. पाण्याची प्रत: गोड. शेरा: गावात कुनाची तक्रार न्हाई.

शेवटी आम्ही पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. तो कागद मात्र अश्विनीने फायलीत तसाच ठेवलाय. म्हणते, सगळ्या फायलीत खरं बोलणारा हा एकच कागद आहे.

०

घोळ कालवायला मीराबाई. उन्हाळ्यात घरोघर कुरडया-पापड करून देणारी बाई, गहू भिजवून चीक काढण्यात हात बसलेला. आमचा घोळ म्हणजे तिच्या लेखी चीकच. अश्विनी यंत्राने दाटपणा मोजायची, मीराबाई पळी वर धरून धार बघायची आणि म्हणायची, "अजून बसला न्हाई." यंत्राचा आकडा यायच्या आत!

एकदा घोळावर फेस यायला लागला. फेस म्हणजे बुडबुडे, बुडबुडे म्हणजे भाजल्यावर पोकळ्या, आणि पोकळ्या म्हणजे नापास. अश्विनी दिवसभर पुस्तकं चाळत होती. दुसऱ्या दिवशी बघते तर फेस गायब!

"मीराबाई, काय केलंत?"

"काय न्हाई."

"खरं सांगा."

"एक थेंब त्याल टाकलं. भात उतू जायला लागला की टाकतोच की!"

अश्विनी इतकी भडकली की तो सगळा घोळ फेकायला लावला. मीराबाईने निमूट फेकला. पुढच्या आठवड्यात फेस घालवायचं खास औषध आलं, परदेशी, सीलबंद डबा. अश्विनीने झाकण उघडलं. मीराबाईने वाकून वास घेतला, एक थेंब चिमटीत घेऊन चोळून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "शेठ, त्यालच हाय. नुसतं शिकल्यालं."

०

आता पहिल्या नापासाचं.

कापड कापायला केडगावचे कैलास मास्तर. चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेला माणूस, कात्री अशी चालवतो की बघत राहावं. आमचं कापड साता समुद्रापलीकडून येतं, वीतभर वाया गेलं तरी माझ्या पोटात कळ येते. म्हणून मीच मास्तरांना म्हणून ठेवलं होतं, "मास्तर, जपून. चिंधीसुद्धा वाया जाता कामा नये."

मास्तरांनी शब्द पाळला! दोन पॅनलच्या कापडात जवळजवळ तीन पॅनल बसवली. मी त्यांना पेढे दिले.

बेंगळुरूहून तपासायला राघवन साहेब आले. उंच, वाळके, बोलणं मोजकं, आणि हातात लाल शाईचं पेन. नमुन्याच्या पट्ट्या यंत्रात घालून वाकवल्या. निम्म्या जोरातच कडकड आवाज करून गेल्या. साहेबांनी भिंग काढलं, तुटलेली कड बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"हे धागे तिरके का आहेत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. अश्विनीने मराठीत मास्तरांना विचारलं.

मास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "तिरकं कापल्याशिवाय एवढं बसतंच नाही, मॅडम! आणि तिरक्या कापडाला फिटिंग बघा कसं येतं. वळणावर एक चुणी दाखवा."

चुणी खरंच नव्हती. पण ज्या दिशेने धाग्याने ओढ सोसायला हवी, त्या दिशेला एकही धागा नव्हता. सगळे कर्णरेषेत! अश्विनीने कपाळाला हात लावला. ती चूक तिचीही होती. ड्रॉइंगवर दिशेचा बाण होता, तो वाचायचा असतो हे शिंप्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि पेढे मी दिले होते.

पहिली संधी गेली.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कापडाच्या प्रत्येक तुकड्यावर आधी बाण काढायचा, मगच कात्री. त्यांची बायको सांगत होती, घरी खिडकीला नवे पडदे शिवले, त्यांच्यावरही बाण आहेत!

०

त्याच दिवशी दुपारी. राघवन साहेब टेबलाशी बसून रिपोर्ट लिहीत होते. लाल पेन थांबायलाच तयार नाही. मी आणि भट्टीवाले शकूरभाई समोर उभे. माझं डोकं तापलेलं. साहेब बेंगळुरूचे, त्यांना काय कळतंय, म्हणून मी शकूरभाईंना मोठ्याने म्हणालो, "हा माणूस म्हणजे नुसतं कारलं आहे. तेही बिनगुळाचं."

शकूरभाई म्हणाले, "कारलं तरी शिजल्यावर मऊ होतं, शेठ."

साहेबांनी मान वर केली नाही. लिहून झालं, सह्या झाल्या, गाडीपर्यंत सोडायला मी गेलो. दार उघडून आत बसताना साहेब स्वच्छ मराठीत म्हणाले, "शेठ, मी सात वर्षं पुण्यात नोकरी केली आहे."

मी पायाखाली बघायला लागलो.

"तुम्ही चहात साखर घेतली नाही, म्हणजे शुगर असणार," साहेब म्हणाले. "कारलं खात जा."

०

शकूरभाई आधी बेकरीत होते. पावाची भट्टी सांभाळण्यात हयात गेली. अश्विनी त्यांना घ्यायला नाखूश होती. म्हणाली, "मामा, पाव दोनशे डिग्रीला भाजतो, आपलं बाराशेला." मी म्हटलं, "आकडा यंत्र बघेल. धीर कुठून आणायचा?" कारण भट्टी बंद केली तरी दार दीड दिवस उघडायचं नसतं, आणि आमच्याकडे सगळ्यांचे हात शिवशिवतात. शकूरभाई दारासमोर खुर्ची टाकून बसायचे. मी जवळ गेलो तरी म्हणायचे, "शेठ, कच्चा पाव बघायला जो दार उघडतो, तो बसलेला पाव खातो."

तर नवीन भट्टीतून पहिला चांगला लॉट निघाला. बारा छोट्या फरशा, प्रत्येकीवर नंबर. अश्विनी मोजायला गेली, अकरा! सात नंबर नाही.

आता या धंद्यात एक नग हरवणं म्हणजे बँकेतून तिजोरी हरवण्यासारखं. कुठला नग कुठे आहे हे सांगता आलं नाही तर कंपनी सगळा लॉट बाद धरते. आम्ही शेड पालथी घातली. कचरा चाळला. मीराबाईच्या डब्यात बघितलं, ती दोन दिवस रुसली. मास्तर उलटे वाकून मशिनखाली बघत होते.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा शकूरभाई नमाज पढून आले. म्हणाले, "काय शोधताय?"

"सात नंबर!"

"ती होय? ती मी वाटली."

"वाटली?"

"नव्या भट्टीचा पहिला घाणा घरात ठेवायचा नसतो, मॅडम. त्यातला एक शेजाऱ्याला द्यायचा. बरकत राहते. बेकरीत आम्ही कायम द्यायचो." आणि शेजारी कोण? गेटबाहेरचा टपरीवाला!

आम्ही सगळे धावत टपरीवर. टपरीवाल्याने ती फरशी चांगली दिसते म्हणून स्टोव्हवर ठेवली होती आणि तिच्यावर चहाचं पातेलं. आम्हाला बघून तोच आधी चिडला.

"शेठ, हे काय दिलं तुमी? दुपारपासून स्टोव्ह मोठा करून बसलोय, च्या उकळंना!"

अश्विनी पहिल्यांदा हसली ती तिथे. म्हणाली, "मामा, माल चांगला झालाय."

०

आता दुसऱ्या नापासाचं. हे सांगायला मला अजून जड जातं.

माल सुरेख झाला होता. बाण बरोबर, घोळ बरोबर, पोकळी नाही. बेंगळुरूसाठीची सात पॅनल वाळून तयार, खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी भट्टीत जायची. ती गेली, निघाली, राघवन साहेब आले, भिंग काढलं. सातही पॅनलवर, बरोबर मधोमध, एक गोल डाग. काचेसारखा चमकणारा, टिकलीएवढा. सातही! एकाच जागी!

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

कोणालाच माहीत नाही. डागाचा कण काढून तपासणीला पाठवला, उत्तर आलं: चुना. एवढ्या आचेत चुना पांढऱ्या फरशीत विरघळतो आणि तिची काच करतो. तिथून पॅनल कमकुवत.

साहेबांनी पुन्हा येऊन मीटिंग घेतली. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि अश्विनी, दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे. त्यांची पद्धत अशी की कुणाला रागवायचं नाही, फक्त 'असं का झालं' हे विचारत विचारत मुळापर्यंत जायचं.

"चुना कोण वापरतं?"

मीराबाई म्हणाली, "मी तंबाकू सोडून चार वरीस झाली." मास्तर म्हणाले, "मी पान खातो, पण गेटबाहेर." पाण्यावर संशय गेला, पण पाण्याचा डाग गोल आणि मधोमध कसा पडेल?

अश्विनी विचार करत होती. मग एकदम म्हणाली, "कुंकू! कुंकवात हळद असते आणि चुना असतो. खंडेनवमीला पूजा कोणी केली?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

अश्विनीची नजर एकेकावरून फिरत शकूरभाईंवर आली. शकूरभाई दोन्ही हात वर करून म्हणाले, "मॅडम, निदान यात तरी माझ्यावर संशय नको!"

 काय आहे, दुकानात तीस वर्षं खंडेनवमीला तराजू, हातोडी, कुलपं, सगळ्यांना मी स्वतः कुंकू लावत आलोय. त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, मी एकट्यानेच भट्टीला लावलं, कात्रीला लावलं, दाटपणा मोजायच्या यंत्राला लावलं. शेजारी सात पॅनल मांडून ठेवलेली. विमानात जाणार बिचारी, त्यांनाच कसं वगळायचं? डाग नको म्हणून लगेच पुसलंही होतं.

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

राघवन साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग लाल पेन उघडलं आणि रिपोर्टात 'मूळ कारण' या रकान्यात एकच शब्द लिहिला: मालक.

त्याखाली रकाना होता 'उपाय'. तिथे लिहिलं: मालकाला उत्पादन विभागात प्रवेश बंद.

तशी पाटीच लागली दारावर. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच खिळ्याने!

०

तिसऱ्या वेळी मी सगळं काचेबाहेरून बघितलं. दुसऱ्या संधीनंतर कोणी कोणाची थट्टा करेना. शेडमध्ये नुसते यंत्रांचे आवाज. मीराबाई पळी धरून दोनदा धार बघायची, मास्तर बाण काढून तो अश्विनीला दाखवायचे, मग मला काचेतून दाखवायचे. शकूरभाई दारासमोरून उठेचनात, त्यांची बायको डबा तिथे आणून द्यायची. दीडऐवजी दोन दिवसांनी दार उघडलं.

पॅनल निघालं. या वेळी साहेब येणार नव्हते; पॅनलच बेंगळुरूला जायचं होतं, तिथे खऱ्या ज्वाळेवर चाचणी. कुरिअरवर कोणाचा भरवसा नव्हता. मास्तर आणि शकूरभाई स्वतः घेऊन निघाले, स्लीपर बसने. खोकं डिकीत टाकायला दोघेही तयार नाहीत. कंडक्टर म्हणाला, सामान वर चालणार नाही. मग मास्तरांनी स्वतःची बर्थ खोक्याला दिली, त्याच्यावर माणसासारखी चादर घातली, आणि शकूरभाईही त्याच्यावर लक्ष ठेवायला खाली उठून आले.

सकाळी बेंगळुरूला उतरल्यावर मास्तरांचा फोन. "शेठ, पोचलो. पॅनल झोपून आलं, आम्ही बसून."

०

चाचणी दुपारी. गिऱ्हाइकाच्या फाटकातून मास्तरांना आणि शकूरभाईंना आत सोडलं नाही, ते बाहेर दगडावर बसले. इकडे अश्विनीच्या लॅपटॉपवर आम्हाला चित्र दिसणार होतं. ती, मीराबाई, मी, आणि मागे बाकीचे सगळे.

नियम असा: दहा मिनिटं पॅनलवर ज्वाळा सोडायची. पुढून कितीही तापो, मागच्या बाजूची सुई एका लाल रेषेच्या वर जाता कामा नये आणि पॅनल शाबूत राहिलं पाहिजे.

लोखंडी स्टँडवर आमचं पॅनल उभं केलेलं. ज्वाळा आली. पॅनल आधी पिवळं, मग पांढरं दिसायला लागलं, बघवेना. मागची सुई मात्र हलकेच वर येऊन थांबली. तीन मिनिटं. पाच. मीराबाईने पदर तोंडात धरलेला. सहा. अश्विनीने माझं मनगट घट्ट पकडलं, तिला कळतही नव्हतं.

सातव्या मिनिटाला पॅनल एका बाजूला कललं. कललं, आणि चित्रातून खाली गेलं. धप्प असा आवाज आला. कोणीतरी ओरडलं, ज्वाळा विझली, आणि चित्रही गेलं.

"पडलं!" मीराबाई म्हणाली.

 अश्विनी उठली, बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि हात धूत उभी राहिली. धुऊन झालेले हात पुन्हा धूत होती. मी मागे वळून बघितलं नाही, कारण मागे त्या नऊ जणांपैकी उरलेले होते. दोघे तर बेंगळुरूला दगडावर. मास्तरांचा फोन आला, "शेठ, काय झालं?" मी म्हटलं, "थांबा जरा," आणि ठेवून दिला. काय सांगणार?

पाऊण तास. मग राघवन साहेबांचा फोन आला. मी स्पीकर लावला, एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती.

"शेठ, पॅनल पडलं."

"बघितलं, साहेब."

"त्याला काही झालेलं नाही."

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"एक टवकासुद्धा उडालेला नाही," साहेब म्हणाले. "आमचा स्टँड गेला. आचेने त्याचे पाय मऊ पडले आणि तो वाकला. मग आम्ही पॅनल दुसऱ्या शिकंज्यात लावलं, पाण्याने गार राहणाऱ्या, आणि दहाच्या दहा मिनिटं पहिल्यापासून पुन्हा घेतली. आत्ता संपली. सुई रेषेच्या बरीच खाली आहे. पॅनल शाबूत आहे. मी सही केली. पास."

आम्ही ओरडलो वगैरे नाही. अश्विनी ओल्या हातांनीच पावडरच्या पोत्यावर बसली आणि तिने डोळे मिटले. मागे कोणीतरी लांब श्वास सोडला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. माझ्या मनात साहेबांशी बोलायच्या कितीतरी गोष्टी होत्या. तोंडातून निघालं ते एवढंच, "साहेब, जेवलात का?"

"अजून नाही," साहेब म्हणाले.

पण मीराबाईचा पाऊण तास टांगणीला लागलेला जीव रागानेच खाली उतरला. ती मला बाजूला सारून फोनपाशी आली.

"शेठ, त्यांना इचारा! दोन वरीस आमच्या चमच्या-चमच्याचा हिशेब मागितला. चिमूटभर इकडचं तिकडं झालं तर नापास. आनि असला स्टँड पास केला कुनी हुता?"

"मीराबाई!" अश्विनी पोत्यावरून उठत म्हणाली. पण उशीर झाला होता. साहेबांना मराठी येतं, हे ती बाई रागात विसरली होती.

 फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीन बघितली. चालू होता.

मग राघवन साहेब म्हणाले, "मी."